लोंबते दोरे

"एवढंच ना? दे इकडं," म्हणत शबदानने कात्री उचलली.

शबदान हा सैराकानचा थोरला दीर. नारीन शहरातल्या त्या गल्लीत लग्न असो की मयत, मेंढी कुणी कापायची इथपासून पहिला हुंदका कुणी द्यायचा इथपर्यंत सगळं तोच ठरवी. नोकरीत असताना त्याने काही ठरवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती कसर तो निवृत्तीनंतर भरून काढत होता. आज त्याने ठरवलं होतं, की सैराकानचा मुलगा नुरदोलोत मेला.

रशियात बांधकामावर गेलेल्या नुरदोलोतचा फोन तीन हिवाळे बंद होता. प्रेत नव्हतं, कागद नव्हता, उडती बातमीसुद्धा नव्हती. शबदानचं म्हणणं, शुक्रवारी कुराण वाचून घ्यावं. मेला असेल तर पुण्य पोचेल. जिवंत असेल तर त्यात त्याचं नुकसान काय? शिवाय सून जिपार. तिचं वय चहा ओतण्यात चाललंय. हे तो जिपार चहा ओतत असतानाच बोलला. तिने पेला पुढे केला, मान वर केली नाही.

कुराण म्हटलं की माणसं आली, माणसं आली की बसायला तोशोक, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गाद्या, आल्या. सैराकानने मशिनवर शिवलेले लोकरीचे तोशोक घरात भिंतभर रचलेले होते. अंथरण्याजोगा नव्हता तो एकच, लाल मखमलीचा. नुरदोलोत निघाला त्या दिवशी तो मशिनवर होता. रिवाजाप्रमाणे आईने लेकाला नानचा एक घास चावायला लावला आणि उरलेली नान फडक्यात बांधून खिळ्याला टांगली. परत येऊन त्याने ती संपवायची. तेवढा एक जामीन तिला पुरेसा वाटला नाही. म्हणून तोशोकची शिलाई पुरी करूनही तिने दोऱ्यांची टोकं तशीच लोंबती ठेवली. तो आल्यावर आवरायची.

कात्री उघडून शबदानने त्यातली चार टोकं मुठीत धरली.

"थांबा, आके," सैराकान थोरल्या दिराला म्हणाली.

ती आता रडेल म्हणून शबदानने सांत्वनाची दोन वाक्यं तयार केली.

"असे कापलेत तर महिन्याभरात टीप उसवेल," सैराकान म्हणाली. "गाठ मारायची, सुईनं आत लोकरीत न्यायचे, मग कापायचे."

"मग कर की. तुझ्यासारखं कुणाला जमतंय?"

आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं. शबदान मात्र चहा अर्धा टाकून उठला. त्याचं काम झालं होतं.

सासूसुना तोशोकच्या दोन बाजूंना बसल्या. सैराकानने विचारलं, "तुला काय वाटतं गं? गेला असेल?"

"आपा, मला हल्ली काही वाटेनासंच झालंय," जिपार म्हणाली. "त्याचीच भीती वाटते."

सैराकानने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुई ओवून दे."

जिपार ओवत गेली. सैराकानने एकेक टोक आपल्याकडे ओढलं, गाठ मारली, सुई लोकरीतून लांब नेऊन बाहेर काढली, दोरा ताणून कापला. टोक सुटकन आत जाई. एखादी गाठ सैल ठेवावी असं तिच्या मनात येत होतं. हाताला ते जमेना. आयुष्यभर त्याला ते शिकवलंच नव्हतं.

शुक्रवारी शबदान बरोबर त्याच तोशोकवर बसला. मखमलीवर हात फिरवत शेजाऱ्यांना म्हणाला, "दोरा कुठं संपलाय, शोधून दाखवा." दोघातिघांनी शोधलं. सापडलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पठण सुरू झालं, सगळ्यांचे तळवे वर झाले. दाराशी, त्याच तोशोकच्या कडेला टेकलेल्या सैराकानचा एकच तळवा वर होता. दुसऱ्या हाताची बोटं शिवणीवरून हळूहळू पुढे जात होती, मागे येत होती, पुन्हा पुढे जात होती. कुठेतरी एखादं टोक बोचेल, म्हणून.

खिळ्यावरच्या फडक्याकडे कुणी पाहत नव्हतं.

कुठेच काही बोचलं नाही.