ढिली तार

अभिमन गाडीखाली सरकला आणि मागच्या इंजिनाकडे जाणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेचा नट त्याने पान्यात धरला. तार चांगली ढिली होती. नट आणि शेजारची पट्टी यांवर मिळून पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता. नट फिरला तसा ठिपका दुभंगला. तार ताठ झाली.

"चल, बस," बाहेर येत तो बायकोला म्हणाला.

जळगावच्या त्या गल्लीत या गाडीची भारी थट्टा होई. लोकांना एक इंजिन पोसवत नाही आणि हे बापलेक दोन लावतात! पुढे अभिमनच्या जुन्या टॅक्सीचं, धुळ्याच्या रस्त्यावर तीस वर्षं राबलेलं इंजिन. मागे हितेंद्रने भंगारातून निवडून आणलेलं, पण तरणंताठं. एका पायाने दोन क्लच कोण दाबणार, म्हणून दोन्हींना आपोआप बदलणारे गिअर. "नाना, तुमचं इंजिन मी भंगारात जाऊ देणार नाही," एवढंच हितेंद्र म्हणे.

एकच खोड राहिली होती. मागचं इंजिन कमी जोर लावी. अभिमनने पोराला चार माणसांत सुनावलं होतं, "साधी तार ओढता येत नाही, अन् म्हणे गाडी बनवतो!" हितेंद्र नुसता हसला होता. पुढच्याच आठवड्यात त्याला कावीळ झाली आणि बारा दिवसांत तो गेला.

चार महिने अभिमनने गाडीला हात लावला नाही. आज लावला. गेलेल्या पोराच्या कामाला कुणी नाव ठेवू नये, एवढं तरी आपण करावं असं त्याला वाटलं.

बोदवडच्या रस्त्याला लागल्यावर त्याने पाय दाबला. मागून रेटा आला. त्या वेगाने धावता धावता पुढचं इंजिन कण्हू लागलं, ठोके देऊ लागलं. बॉनेटमधून वाफ आली. अभिमनने गाडी निंबाखाली घेतली.

कुंदाबाई खाली उतरली. वाफेकडे बघत म्हणाली, "काय केलं तुमी?"

"हितूनं तार ढिली ठेवली होती. ती ओढली."

ती निंबाच्या बुंध्याला टेकली.

"माह्या बापानं म्हाताऱ्या बैलासंगं गोऱ्हा जुपला व्हता. हितू सुट्टीत तिकडं गेला का बापाच्या मांगं मांगं राहे. बाप गोऱ्ह्याचा कासरा आवळून धरे. हितूनं इचारलं, का हो आबा? तर म्हने, नई त म्हातारा फरफटते. त्याच्या चालीनं चालाव, पन त्याले कळू देऊ नई."

अभिमन पुढच्या इंजिनाकडे बघत राहिला. काम मनाजोगं झालं, आता याला हात लावायचा नाही, असं ठरलं की नटावर रंगाचा ठिपका द्यायचा; ही सवय त्यानेच हितेंद्रला लावली होती. सकाळी ठिपका डोळ्यांसमोर होता. पोराचा हात चुकला हे आधीच ठरवून बसल्यावर तो कसा दिसणार?

"चार माणसांत बोललो मी त्याला," तो म्हणाला.

"घरी काईच नई सांगितलं त्यानं," कुंदाबाई म्हणाली.

अभिमन पाना घेऊन पुन्हा गाडीखाली गेला. ठिपक्याचे दोन्ही तुकडे एकमेकांना मिळेपर्यंत त्याने नट उलटा फिरवला. काम झालं तरी तो बाहेर आला नाही. कुंदाबाईनेही हाक मारली नाही.