रुप्याच्या ताटाचा हेवा

मी एक जुना काशाचा वाडगा आहे. रोमच्या राज्यातल्या कापुआ शहरात, धान्याचा व्यापारी नुमेरियस याच्या घरी माझा सारा जन्म गेला. मेजवानीत सर्वांत आधी मी पुढे जातो. माझ्यात उकडलेली अंडी आणि ऑलिव्ह असतात. पाहुणे डाव्या कोपरावर रेलून दोनचार घास उचलतात आणि लगेच दाराकडे पाहू लागतात. कारण माझ्यामागून ते येणार असते.

ते, म्हणजे रुप्याचे भले मोठे ताट. त्यावर आख्खे रानडुक्कर! ते आले की टाळ्या पडत आणि मला उष्ट्या बियांसकट बाजूला सारत.

मित्रांनो, मी आतून जळत असे. गुलाम स्वयंपाकी फिलेरोस मला राखेने घासताना म्हणे, "तुझ्याशिवाय जेवण सुरू तरी होतं का रे?" पण ताट मात्र तो मऊ लोकरीने पुसे. ते माझ्या डोळ्यांत सले. मी रोज एकच मागत असे : एकदा तरी ते ताट खाली आपटू दे.

एका मेजवानीत माझे मागणे फळले.

"थोडं थांबा, धनी. आत कच्चं आहे अजून," फिलेरोस काकुळतीने म्हणाला.

"तू मला शिकवणार? आण म्हणतो ना!" नुमेरियस ओरडला.

डुक्कर कापले, तर आत लाल रक्त. तेत्तियस नावाचा पाहुणा म्हणाला, "अरे नुमेरियस, धर त्या डुकराला, पळून जाईल!" सगळे खिदळले. नुमेरियसने डुक्कर खाली लोटले, ताट उचलले आणि फिलेरोसच्या तोंडावर भिरकावले.

ताट फरशीवर खणखणत गेले. खरे सांगतो, क्षणभर मला आनंद झाला. मग फिलेरोसच्या बोटांमधून रक्त ओघळताना दिसले.

मालकीण ओप्पिया उठली. माझ्यातली अंडी तिने ओतून टाकली आणि माझ्यातच पाणी घेतले.

"मालकीणबाई, राहू द्या. पाहुणे बसलेत."

"बसू देत. डोळा उघड बघू."

तो उघडला नाही.

घरच्या देवांना घास वाढताना सगळ्यांनी गप्प बसायचा आमच्याकडे रिवाज आहे. त्या दिवशी तो घास वाढून झाला, फळेही आली, तरी कोणी बोलले नाही.

आठ दिवसांत ताट सोनाराकडून सरळ होऊन आले, पूर्वीसारखेच लखलखीत. फिलेरोसचा डावा डोळा गेला तो गेलाच. आता मला घासताना तो मान वाकडी करून बघतो.

ताटासाठी टाळ्या अजून पडतात. हेवाही वाटतो, खोटे कशाला बोलू? पण मागणे मी सोडले. मित्रांनो, कुणाचे वाईट चिंतण्याआधी एवढे पाहा, की ते कुणाच्या अंगावर जाऊन पडेल.