देवाच्या वाटीतलं केशर

दिव्यातलं तेल संपेपर्यंत बोलायचं नाही, हे ताईचं रोजचं व्रत. एरवी तो वेळ कसा सरतो कळतही नाही. आज मात्र माळ हातात फिरत होती आणि जीव समोरच्या टेबलावर, त्या वाटीत अडकला होता.

खाली त्यांचं मसाल्याचं दुकान, वर घर. नव्या केशराची पारख घरीच व्हायची. कोमट पाणी घालायचं आणि वाट बघायची. खरं केशर सावकाश पिवळं उतरतं, काडी लालच राहते. रंगवलेलं केशर पाणी लागताच लाल रंग सोडतं. वैद्यबाई इथलंच केशर झोप न येणाऱ्यांना दुधातून द्यायच्या, म्हणून हयगय चालत नसे.

आजचा माल ताईच्या धाकट्या भावानं आणला होता. घरात त्याचं नाव थापाड्या. "खरा निघाला तर दुकानात राहा, नाहीतर परत उंबरा चढू नकोस," ताईच्या नवऱ्यानं बजावलं होतं. म्हणून ताईनं रोजचा काचेचा पेला सोडून काड्या देवाच्या तांब्याच्या वाटीत ठेवल्या. तेवढाच देवाचा हात लागला तर लागला.

नवऱ्यानं पाणी ओतलं. थापाड्या दारात येरझारा घालत होता.

"भाऊजी, पाणी फार गरम नाही ना?"

"आता तू मला पाणी शिकव!" नवरा वाकला. "हे बघ. लालभडक! तुझं केशर तुझ्यासारखंच, तोंड उघडलं की रंग."

"नाही हो! मळ्यावर जाऊन, समोर खुडून घेतलंय. शपथ!"

"शपथांचा तुझ्याकडे कधी तुटवडा होता?"

"ताई, तू तरी सांग यांना."

ताईनं दिव्याकडे पाहिलं. तळाशी तेल होतंच. ज्योत काही विझेना.

"तुलाही थापच वाटते, नाही का?" तो कसाबसा हसला. पिशवी उचलून तो धाडधाड जिना उतरला.

ताई उठली. वाटीतली एक काडी बोटांत चोळली. लालच. मग तिनं वाटीच्या तळाला बोट लावलं, ते तांबडं झालं. काल देवासाठी उगाळलेलं तांबडं गंध तिथं वाळून बसलं होतं. वाटीच्या तांबूस रंगात ते दिसलंच नव्हतं.

मागे दिवा तेवत होता. ताई खिडकीशी धावली.

"थांब रे! अरे, थांब!"

रस्त्यावर थापाड्या वळला. नवरा थक्क.

"अगं, व्रत?"

"मोडलं. देव समजून घेईल, हा नाही घ्यायचा. रंग वाटीतल्या गंधाचा होता. तो पेला आणा."

थापाड्या परत वर आला. काचेच्या पेल्यात त्याच्या पिशवीतल्या नव्या काड्या पडल्या, वर कोमट पाणी. तिघंही वाकले. पाणी नितळच. थापाड्या एका पायावरून दुसऱ्या पायावर. नवऱ्यानं दोनदा खाकरून घेतलं. मग एका काडीच्या टोकाशी धुरासारखी पिवळी रेघ हलली, लांबली, हळूहळू पसरली. काडी लालच.

"पिशवी आत ठेव," नवरा पेल्याकडेच बघत म्हणाला. "आणि दुकानाचं शटर उघड."

"ताई, ऐकलंस? बोल की काहीतरी!"

ताई केव्हाच देवापुढे जाऊन बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दिव्याकडे दाखवलं.