बिनडब्ल्यूचा रेक

ती आणि तिचे संपादक सासरे इंग्रजी शब्दजोड्यांच्या कोशावर काम करायचे. कचेरीतला नियम सासऱ्यांनीच घातलेला होता. सारख्या दिसणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांतला फरक कागद न बघता तोंडी सांगायचा. बैठकीत एकालाही सांगता आला नाही, तर जोडी कोशातून बाद. "ज्याला वाली नाही, त्या शब्दानं जागा कशाला अडवायची?" असं ते म्हणायचे.

यंदाच्या नव्या आवृत्तीत कोश बारीक करायचा होता. वापरातून गेलेल्या शब्दांवर कात्री चालणार होती. प्रकाशनाच्या मालकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सरांनी आजची बैठक निभावली, तर आवृत्ती त्यांच्याच हाती. नाहीतर संपादकाच्या खुर्चीत तुम्ही बसा." सासरे अलीकडे विसरत होते, हे काही झाकून राहिलं नव्हतं.

त्यांनाही ते ठाऊक असावं. सकाळी चपला घालताना ते म्हणाले, "मी अडखळलो तर तू तोंड उघडायचं नाही. सुनेनं हात धरून चालवलं, असं व्हायला नको. शब्द दे."

तिने दिला.

सुरुवात झोकात झाली. इंजिनियस म्हणजे कल्पक, इंजिन्युअस म्हणजे निष्कपट. "आपले मुद्रितशोधक यातले कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"सर, या पगारात दोन्ही परवडत नाहीत," मुद्रितशोधक म्हणाला. सगळे हसले.

मग मालकांनी वाचलं, "रेक. एक डब्ल्यूवाला, एक बिनडब्ल्यूचा."

"सोपं आहे. डब्ल्यूवाला म्हणजे जहाज फुटणं, मोडतोड. आणि दुसरा..." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दुसरा..."

तिला येत होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी, भाजी निवडता निवडता त्यांनीच शिकवलेला. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं. तिने दात आवळले.

"कुणाला येतोय?" मालकांनी विचारलं, तेही तिच्याकडेच बघत.

शेवटी सासऱ्यांनीच लाल पेन उचललं आणि जोडीवर सरळ रेघ ओढली. "नियम म्हणजे नियम."

मालकांनी तपासायची उरलेली मुद्रितं गोळा करून तिच्यापुढे सरकवली. सासरे पेनाला टोपण लावत होते. त्यांनी ते पाहिलं नाही.

जिन्यात ते थांबले. "तू का गप्प बसलीस गं?"

थट्टा करताहेत असं तिला वाटलं. पण चेहरा तसा नव्हता. सकाळचं बोलणं डोक्यातून साफ गेलं होतं. आठवण करून द्यावी, तर सकाळही हातची गेली हे त्यांना कळणार.

"मला येत नव्हता, बाबा."

"मी शिकवला नव्हता?"

"नाही."

ते कठड्याला धरून क्षणभर उभे राहिले. "अगं, बिनडब्ल्यूचा म्हणजे पर्वा करणं! तो मेला केव्हाच. पण बेफिकीर माणसाला रेकलेस म्हणतात ना, तिथे तेवढा तग धरून आहे. कळलं?"

"कळलं."

"एवढं साधं येत नाही तुला!" ते चिडले होते आणि खुललेही होते. "उद्या मालकांना सांगतो, हिला तयार करायला मला अजून दोनेक वर्षं पाहिजेत. इतक्यात खुर्ची सोडून कसं चालेल? आणि काखेत काय ते?"

"मुद्रितं," ती म्हणाली. "तुमचीच."

"मग दे की इकडे." गठ्ठा घेऊन ते पुढे उतरू लागले.

ती मागोमाग निघाली. उद्या मालकांना आपण काय सांगायचं, हे तिला जिना संपेपर्यंत सुचलं नाही.