आर्डिसचा डावा हात

डेल्बर्ट मला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको व्हायचा. डेनवरहून आलेला, जमिनींची दलाली करणारा माणूस. टोपी मात्र अशी घालायचा की जणू सगळा जन्म घोड्यावर गेलाय. घोड्याला हात लावताना त्याला अख्ख्या वायोमिंगात कुणी पाहिलं नव्हतं. आर्डिस घोड्यांना नाल ठोकते, वडील गेल्यापासून एकटीनं मेंढ्या सांभाळते. ही बाई त्या गुलछबूशी लग्न ठरवून बसली होती.

तिचा चाकू कुंपण दुरुस्त करताना बर्फात हरवला, म्हणून एका शनिवारी दोघं माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आली.

"हार्लन, आमच्या बाईसाहेबांना एक फक्कड चाकू दाखव," डेल्बर्ट म्हणाला. "माझ्याकडून भेट."

मी घडीच्या चाकूंचा ट्रे काढला. आर्डिसनं हात पुढे केला, तेवढ्यात यानं गुलाबी मुठीचा एक चाकू उचललासुद्धा.

"हा बघ. बाईच्या हातात शोभेल."

"यानं काय करू? नखं कापू?"

"तुला कापायचं असतं काय? सुतळी, सफरचंद!"

"मेंढ्यांचे खूर तासते मी, डेल्बर्ट."

मग त्यानं सगळ्यात मोठा, काळा, करवतीसारख्या दातांचा चाकू घेतला आणि मनगटाला झटका देऊन उघडला. हात लागून काउंटरवरची बियाण्यांची पाकिटं खाली पडली. ती मीच उचलली, तो कशाला वाकतोय!

"हा घे. अस्वलसुद्धा पळेल."

"हसून हसून दमलं नाही तर," मी म्हणालो. त्यानं ऐकलं नाही. ऐकणं हा त्याचा प्रांतच नव्हता.

आर्डिसनं चाकू हातात घेतला. पातं सोडवायची कळ भलत्याच बाजूला होती, तिचा अंगठा नुसताच चाचपडत राहिला.

"अगं, असा नाही! उजव्या हातात धर."

"मी डावरी आहे."

"कधीपासून?"

मी ट्रेकडे बघत राहिलो. हसलो असतो तर तिला लागलं असतं.

"दोन वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोयस तू," ती म्हणाली.

"मग त्यात काय एवढं? सवय होईल. आणि नाहीच जमलं तर मी आहेच की जन्मभर उघडून द्यायला."

काळा चाकू आर्डिसनं खाली ठेवला, खिशातला कामाचा हातमोजा डाव्या हातावर चढवला आणि एकेक चाकू घेऊन बघू लागली. एकाची मूठ तळव्यात बुडून जात होती. एकाचं टोक बोटांच्या मुळाशी टोचत होतं. एकाची स्प्रिंग इतकी कडक की ओल्या हातानं उघडणार नाही. डेल्बर्ट घड्याळ बघत होता. "मी याहून कमी वेळात घर घेतलं," तो म्हणाला.

शेवटी शिंगाच्या मुठीचा एक निघाला. पात्याला दोन्ही बाजूंनी नख घालून उघडायची खाच होती. तिनं मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. काउंटरवरच्या दोराचा तुकडा एका फटक्यात कापला.

"हा."

हातमोजा काढताना तिची साखरपुड्याची अंगठी आत अडकली. ती अडकायचीच. अंगठी डाव्या हातात, आणि कामाचा हातही तोच. तिनं हिसका देऊन दोन्ही काढलं आणि अंगठी ट्रेमध्ये, गुलाबी चाकूशेजारी ठेवली.

"आर्डिस, एका चाकूवरून?"

"नाही रे. चाकूवरून फक्त कळलं."

"हार्लन, तू तरी समजाव हिला!"

"मला ती नीट समजलीय," मी म्हणालो.

अंगठी खिशात टाकून तो तावातावानं निघून गेला. हल्ली खालच्या खोऱ्यात जमिनी विकतो आणि आर्डिसचं डोकं ठिकाणावर नाही, असं सांगत फिरतो. ऐकणारे त्याच्यासारखेच.

आर्डिस बराच वेळ आपल्या पिकअपमध्ये बसून होती. काचेतून तिचे खांदे हलताना दिसले. मी बाहेर गेलो नाही. पुढच्या आठवड्यात ती नालांचे खिळे न्यायला आली तेव्हा डोळे अजून सुजलेले होते, आणि चाकू डाव्या खिशात होता.

"चालतोय ना?"

"झकास," ती म्हणाली. "खिळे जरा लांब दे."