मागच्या फाटकाची किल्ली

धोंडीराम वनमजूर म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस, गावात कुणालाही विचारा. तीस वर्षं त्यानं राखीव माळ राखला. सोलापूरहून तासाभराच्या वाटेवर आहे हा माळ. नुसतं गवत, बोरीबाभळी आणि दगड. बघणाऱ्याला वाटावं, ह्यात राखायचं ते काय? पण तिथं काळवीट चरतात, चंडोल-टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि माळढोक कधीतरी परत दिसेल म्हणून माणसं आशेवर आहेत. त्या माळात धोंडीरामनं कधी सरपंचाच्या म्हशी शिरू दिल्या नाहीत, कुणा पाहुण्याची गाडी शिरू दिली नाही, आणि सख्ख्या बहिणीच्या शेळ्याही नाहीत.

तिथंच सगळं बिघडलं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याची धाकटी बहीण सोजर, नवरा वारल्यावर दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन माहेरी आली होती. अकरा शेळ्या, तेवढाच तिचा संसार. साल दुष्काळाचं. शेळ्या कुंपणातून आत शिरल्या आणि धोंडीरामनं त्या हाकत नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातल्या, इतरांच्या घालायचा तशाच. सगळा गाव बघत होता, हा बहिणीला सोडतो का. नाही सोडलं. दोन दिवसांनी दार उघडलं तेव्हा त्यातली गाभण शेळी उन्हानं मरून पडली होती. सोजरनं उरलेल्या शेळ्या विकल्या, पोरीला घेतलं आणि एसटीत बसली. "तुझा माळ तुला लखलाभ," एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामावर.

आणि हा हट्टी माणूस? दर भाऊबीजेला अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसायचा. सोलापूरची एसटी यायची, जायची. बायको भिमा आतून हाक मारायची, "चला जेवाया. गेली की एसटी कवाच."

"मी कुटं एसटीची वाट बघतोय?" हा वर तोंड करून म्हणायचा.

बावीस भाऊबीजा अशा गेल्या. एकदा नव्या पेठेतून साडी घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलाही होता. पाळी सुटली, बायका बाहेर पडल्या, त्यात सोजर दिसली. केस पार पांढरे झालेले. काळवीट मारायला आलेल्या शिकाऱ्यांपुढं छाती काढून उभा राहणारा हा गडी चहाच्या टपरीआड लपला. साडी अजून भिमाच्या ट्रंकेत आहे.

तर यंदा चैत्रात एक पोरगी स्कूटीवरून माळाच्या फाटकाशी आली. मागं एक उंच, लाजाळू पोरगा.

"मामा, मी इंद्रायणी. सोजरबाईची."

सांगायची गरजच नव्हती. हनुवटी सोजरची, उभं राहणं सोजरचं. धोंडीरामनं उगीच फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली. पोरगा म्हणजे सिद्धनाथ, चित्रकलेचा मास्तर. ती त्याच शाळेत ऑफिसात कामाला. वैशाखात दोघांचं लग्न ठरलं होतं.

"इथं करायचंय, मामा. माळावर." तिनं वहीच उघडली. "पंचवीस माणसं, बस्स. मांडव नाही, बँड नाही, स्पीकर नाही. पाणवठ्याजवळ अंतरपाट धरायचा, मंगलाष्टका तोंडानं म्हणायच्या. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पत्रावळ्यासुद्धा आम्ही परत नेणार. सगळं लिहून काढलंय, बघा की."

"हितंच कशापायी गं? सोलापुरात कार्यालयं कमी हायत व्हय?"

पोरीनं वही मिटली. "आई रोज ह्या माळाचं सांगते. कारखान्यात दिवसभर सुताचा कचरा नाकात जातो, तर घरी आली की म्हणते, माळावरचं वारं एकदा घ्यायला पाहिजे. पण यायचं नाव काढत नाही. कार्यालयात लग्न केलं, तर ती तुम्हाला बोलावणार नाही. मी विचारून बघितलं. इथं केलं, तर तिला यावंच लागेल. पोरीच्या लग्नाला आई येणार नाही का?"

काय बिशाद होती धोंडीरामची नाही म्हणायची! मंगलकार्य राखीव माळात चालत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी अर्ज त्यानंच स्वतः नेऊन वनखात्याच्या कचेरीत दिला. साहेबांपुढं तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "भाची हाय माझी. तेवढं बगा." साहेब भले, पण उत्तर आलं ते सरळ आलं. अंडी घालायचा हंगाम आहे, कसल्याही समारंभाला परवानगी देता येत नाही.

इंद्रायणी फोनवर रडली. ते रडणं ऐकलं आणि धोंडीरामच्या तोंडून निघून गेलं, "रडू नगं. मागच्या फाटकाची किल्ली माज्याकडं असती. साहेब त्या दिवशी जिल्ह्याच्या मिटिंगला हायत. सकाळी सहाला या, आठाला मोकळं करा. कुणाला कळायचं न्हाय."

भिमानं हे ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवलं. "तुमीच का हे? का कुणी बदलून आणलाय?"

"तू गप गं. सोजर येणार हाय."

"येऊ द्या की. मी काय नगं म्हणते? पर अशी?"

धोंडीरामनं टोपी उचलली आणि जागा बघायला माळावर गेला.

पाणवठ्याजवळ गेला तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून बोंबलायला लागली. पायाखाली बघितलं, खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी. बरं, राहिलं. बाभळीच्या अलीकडं करू. तिथं एक धाविक पक्षी दोन पावलं पळायचा, थांबायचा, परत पळायचा. म्हणजे त्याचंही काहीतरी जवळपास होतंच. आणखी पुढं गेला तर चंडोलाचं घरटं, गवताच्या बुडाशी, आत दोन लाल चोची उघड्या. धोंडीराम हिशेब करत राहिला. भटजी इकडं, वऱ्हाड तिकडं, पोरांना धरून ठेवायचं, बायकांना सांगायचं पाऊल जपून टाका. पंचवीस माणसं, पन्नास पाय. त्याचं त्यालाच हसू आलं. ह्या माळात मोकळी जागा म्हणून नसतेच, हे त्यानंच शाळेच्या सहलींना शंभरदा सांगितलेलं. तरी तो दगड मांडून हद्द आखायला बसला. सोजर इथं उभी राहील, तोंडावर वारं घेईल, एवढंच त्याला दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. मागं यंत्रमागांचा खडखडाट.

"दादा, मी सोजर."

बावीस वर्षांनी दादा! धोंडीराम होता तिथंच उभा राहिला.

"इंदी सांगत होती, लग्न माळावर हाय म्हणून. परवानगी कुणी दिली?"

"मीच. किल्ली हाय की माज्याकडं. तू ये फकस्त."



"आन तवा न्हवती व्हय कुटली किल्ली?"

धोंडीरामनं हातातला दगड खाली ठेवला.

"बावीस वर्सं मी मनाला एकच सांगत आले, दादा. माजा भाऊ असाच हाय. त्याला बहीण न्हाय, सरपंच न्हाय, सगळ्यास्नी एकच कायदा. तेवढ्यावर मी राग गिळला. हितल्या बायकांना अभिमानानं सांगायची, माज्या भावानं माज्या शेळ्या कोंडल्या, पर कुणाच्याच सोडल्या न्हाईत. आता तू माज्या पोरीला चोरून फाटक उघडून देणार? मग माज्या शेळ्यांनी काय घोडं मारलं हुतं रं?"

"चुकलं माजं, सोजर."

"कवा चुकलं? तवा का आत्ता?"

धोंडीरामनं मांडलेल्या दगडांकडं बघितलं. आत्ता म्हटलं, तर सोजर माळावर येत नाही. तवा म्हटलं, तर ते खोटं, आणि खोटं तिला लगेच कळेल. तो खाली बसला.

"आत्ताचं चुकलंच. लग्न हितं व्हणार न्हाय, मी सांगतो इंदीला," तो म्हणाला. "आन तवाचं बी चुकलं. शेळ्या कोंडल्या ते न्हवं. तुजी गाभण शेळी दोन दिवस उन्हात हुती, मला ठावं हुतं. घागर भरून कोंडवाड्याम्होरल्या चिंचेपतुर आलो हुतो मी. बायका पाराजवळ बसल्या हुत्या. म्हणतील, बहिणीची म्हणून पाणी पाजाया आला. मला लाज वाटली. घागर तितंच वतली आन माघारी गेलो. ते चुकलं. रोज आठवतं, सोजर. रोज."

पलीकडून हुंदका ऐकू आला, आणि कुणी तरी विचारलं, काय झालं गं सोजरबाई?

"काय न्हाय," सोजर त्या बाईला म्हणाली, "माजा भाऊ बोलतोय." आणि मग फोनमध्ये, "एवढंच सांगायचं हुतं, तर एवढी वर्सं कुटं हुतास रं तू?"

"तुज्या कारखान्याच्या फाटकापतुर," धोंडीराम म्हणाला, आणि त्या उघड्या माळावर बसून लहान पोरासारखा मोठमोठ्यानं रडायला लागला.