मंगळवारी गळणारी अक्षरं

एकोणीसशे एकोणनव्वद साली नागपुरात, महाल भागातल्या प्रेमलताबाईंच्या कॉम्प्युटर क्लाससमोर दर मंगळवारी संध्याकाळी रस्त्यापर्यंत गर्दी व्हायची. पडद्यावरची अक्षरं सुटून खाली गळायची, तळाशी त्यांचा ढीग व्हायचा. मग एक महाराज येत, कीबोर्डवर भस्म चोळत, आणि अक्षरं आपापल्या जागी परत जात. लोक हात जोडत, आत्मा शांत झाला म्हणत. आत्म्याला वार कसा कळतो, हे कुणी विचारलं नाही.

तो आत्मा प्रेमलताबाईंच्या वारलेल्या नवऱ्याचा आहे, क्लासवर नाराज आहे, असं महाराजांनी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. क्लास बंद करून खोली महाराजांच्या गादीला द्यायचंही त्यांनी कबूल केलं होतं. महाराजांना आणलं होतं मनोहररावांनी. ते प्रेमलताबाईंच्या नवऱ्याचे जिवलग मित्र. विणकराच्या घरातली ही बाई एकटीनं क्लास चालवू शकली ती त्यांच्याच आधारावर.

प्रेमलताबाईंची मैत्रीण उत्तरा कॉलेजात गणित शिकवायची. क्लासमधल्या पोरांच्या खेळाच्या फ्लॉपीत तिला एक फाईल दिसली, जिचा खेळाशी काही संबंध नव्हता. उत्तरानं ती तिथं चालवली नाही. फ्लॉपीची नक्कल करून कॉलेजातल्या एका रिकाम्या मशीनवर लावली. काही झालं नाही. मशीनची तारीख बदलून मंगळवार संध्याकाळ केली, तर अक्षरं गळाली. महाराज भस्म नेहमी कीबोर्डच्या ज्या कोपऱ्यात चोळत, तिथल्या दोन कळा एकदम दाबल्या, तर ती वर चढली. फाईल पुसली. मंगळवार असूनही एक अक्षर हललं नाही.

पुढच्या मंगळवारी हे सगळं तिनं गर्दीसमोर करून दाखवलं, भस्माशिवाय. महाराज कधी निघून गेले ते कळलंच नाही. प्रेमलताबाई मात्र मनोहररावांकडे बघत होत्या.

“भाऊजी, पोरायच्या खेळाची फ्लॉपी तुम्हीच आणली होती ना?”

मनोहरराव हसायला गेले. “लोक जमून राहिले, वहिनी, क्लासचं नाव होऊन राहिलं. तुमचं काय बिघडलं?”

“मी रोज रडून त्यायची माफी मागत होती,” त्या हळूच म्हणाल्या. “अन् तुमाले ते दिसून राहिलं होतं.”

मनोहररावांनी चपला घातल्या. त्या घराची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. क्लास चालू राहिला.

अनोळखी फाईल असो की चमत्कार, हात जोडण्याआधी तपासा. कुठून आली, काय करते, काढून टाकली तर काय थांबतं, ते पाहा. देणारा आपला माणूस आहे म्हणून तपासायचं सोडू नका.